माउलीला दिलेल्या गोळ्या

वरच्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं, की भावजयीचा हातही हातातल्या कामावरच थांबायचा. कान छताकडे लागायचे. दोरा संपला असेल, कापड फिरवत असेल, पाणी प्यायला उठली असेल. समजूत घालायला कारणं ढीगभर होती, पण यंत्राचा आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा. वर तिची नणंद राहायची, आणि नणंदेला लहानपणापासून आकडीचा आजार होता. गोळ्यांनी तो कित्येक वर्षं गप्प बसवला होता. मग गेल्या काही महिन्यांतच ही धास्ती का बसावी, हे भावजयीला सांगता येत नव्हतं. बोट ठेवून दाखवावं असं काही नव्हतं, नुसतं वाटायचं. आणि तिच्या वाटण्यावर नवऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं. तो म्हणायचा, तुझं काय, तुला दूध तापत ठेवायच्या आधीच करपल्याचा वास येतो.

नणंदेला सगळं घर आत्या म्हणायचं. भावजय तोंडावर ताई म्हणे, पण मागे तीही आत्याच म्हणायची. लेकीनं तर लहानपणी त्याचं 'टाचणीआत्या' करून टाकलं होतं, कारण आत्याच्या ओठांत सदान्‌कदा टाचण्या असत. कापड दोन्ही हातांनी ताणून धरायचं आणि टाचण्या ओठांतून एकेक काढून लावायच्या, ही तिची रीत. टाचण्यांसकट ती बोलायचीसुद्धा. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे भावजयीचा नवरा, म्हणायचा की ताईचा शब्द बाहेर येतो तो टोचूनच. त्यावर ती ओठ न हलवता म्हणायची, "मग लांब उभा राहा."

शाळेत असताना ती एकदा फळ्यासमोर गणित सोडवता सोडवता कोसळली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या बाकावर कुणी बसेना. पुढे लग्न ठरलं, कपडे शिवायला टाकले, आणि कुणीतरी चांगुलपणानं मुलाकडच्यांच्या कानावर आजार घातला. मुलाची मावशी भेटायला आली, गोड बोलली, आणि उठताना म्हणाली, "आमच्या घरात जिने फार आहेत हो." तेवढ्यावर लग्न मोडलं. पुढे त्या वाक्याची घरात म्हणच झाली. कुठे जायचं टाळायचं असलं, कुणाला नाही म्हणायचं असलं, की एकजण म्हणायचा, जिने फार आहेत. सगळ्यात जास्त हसायची ती आत्याच.

लग्न मोडल्यावर चर्चशेजारच्या मठातल्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं तिला शिवणाला बसवलं. आधी वेदीवरची वस्त्रं, मग फादरांचे झगे, आणि हात बसल्यावर एके दिवशी माउलीच्या दालनात नेऊन आतून कडी लावली.

त्या चर्चमधली मरियामाता, म्हणजेच माउली, इतरांसारखी अख्खी घडवलेली नव्हती. तिला चेहरा होता आणि दोन हात होते, लाकडात कोरलेले, इतके सुरेख की नखांच्या कडासुद्धा दिसाव्यात. बाकी काही नव्हतं. मानेखाली लाकडी पट्ट्यांचा एक उभा पिंजरा, वर निमुळता, खाली पसरट. त्याच्यावर आतलं वस्त्र, मग झगा, मग खांद्यावरून जमिनीपर्यंत उतरणारा निळा शेला. लोकांना दिसायची ती भरगच्च, तेजस्वी आई. तो पिंजरा फक्त तिला वस्त्रं नेसवणाऱ्या बायकांना ठाऊक. म्हणून नियम कडक होता. वस्त्रं बदलताना आत पुरुष नको, दार आतून बंद हवं, आवाज खाली हवा, आणि प्रत्येक वेळी मूर्तीला बोट लावण्याआधी सांगायचं, "आई, हात लावते हं."

आत्यानं भावजयीला एकदाच सांगितलं होतं, पहिल्यांदा तो पिंजरा पाहिला तेव्हा तिला काय वाटलं ते. "म्हटलं, हिच्याही आत काही नाही. तरी बघ किती सरळ उभी आहे." एवढं बोलून ती सुईत दोरा ओवायला लागली होती.

सिस्टर गेल्या आणि काम आत्याचं झालं. अधूनमधून फादर बदलायचे. माउलीची शिंपीण तीच राहिली. आताचे फादर तरुण होते. या वयात शिडीवर चढू नका, असं त्यांनी तिला बजावलं होतं. तिनं "होय फादर" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी शिडीवर उभी राहून शेला नेसवला. घरी येऊन म्हणाली, त्यांच्या झग्याची किनार मी सोडते तेव्हा कुठे तो त्यांच्या घोट्याला लागतो, आणि मला शिकवतात.

तिची आणखी एक सवय होती. नव्या रिळाचा पहिला दोरा, झग्याचं उरलेलं बटण, किनारीचा तुकडा, असं काहीबाही ती माउलीच्या पिंजऱ्यात आत ठेवून यायची. आईच्या पदराला गाठ, म्हणायची. त्यावरूनही घरात थट्टा चालायची. कात्री सापडेना, चष्मा सापडेना, की नवरा वरच्या जिन्याकडे तोंड करून ओरडायचा की माउलीला दिला असेल, बघा.

अशा माणसाच्या हाती भावजयीनं आपली लेक वाढवायला दिली होती. ती स्वतः मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळी निघायची, संध्याकाळी परतायची, आणि तेवढा सगळा वेळ लेक आत्याच्या यंत्राखाली चिंध्यांच्या बाहुल्या करत बसलेली असायची. लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. तिथे पोटातलं मूल एकदा गेलं. मग पुन्हा एकदा गेलं. दुसऱ्या वेळी ती माहेरी आली तेव्हा कुणाशी एक शब्द बोलली नाही. भावजय तिच्याजवळ बसून नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली आणि स्वतःच रडत राहिली. आत्यानं मात्र बटणांची अख्खी पिशवी लेकीच्या पुढ्यात उपडी केली आणि म्हणाली, "रंगांप्रमाणे लाव. माझ्याच्यानं होत नाही आता." लेक संध्याकाळपर्यंत बटणं लावत बसली आणि संध्याकाळी जेवली.

आता तिला पुन्हा दिवस होते. या वेळी सगळं टिकलं होतं, शेवटचा महिना लागायला आला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की विश्रांती हवी, ताण नको. नवऱ्यानं तर फतवाच काढला होता की लेकीच्या कानावर वाईट म्हणून काही जाऊ द्यायचं नाही. गल्लीतलं कुत्रं मेलं तरी नाही.

गोळीची चौकशी हा घराचा जुना शिरस्ता होता. सकाळी चहा द्यायला भावजय वर गेली, की विचारायची, "ताई, गोळी?" आणि आत्या म्हणायची, "घेतली." पण या काही महिन्यांत उत्तर बदललं होतं. आत्या कापडावरची नजर न काढता म्हणायची, "माउलीला दिली." थट्टेला थट्टा म्हणून भावजय हसायची आणि खाली यायची. एकदा फादरांच्या झग्याला पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. आत्या म्हणाली, वय झालं. एकदा शिवण सरळ चालता चालता एकदम कडेला पळत गेली होती, बोटभर. आत्या म्हणाली, पट्टा सैल आहे. यंत्राचा पट्टा नवऱ्यानं तपासला. घट्ट होता.

आज दुपारी आत्यानं भावजयीला चर्चमध्ये चल म्हटलं. उद्या माउलीला नवा शेला चढवायचा होता, आणि त्याआधी आतल्या वस्त्राची किनार मापून घ्यायची होती. नेहमी टाचण्यांची डबी धरायला फुलवाली येत असे, पण तिचा पाय मुरगळला होता. उद्यापर्यंत बरा होईल, असा निरोप होता. भावजयीला शाळेला सुट्टी होती. इतक्या वर्षांत त्या दालनात तिचं जाणं झालं नव्हतं. तिला थोडा आनंदच झाला.

चर्च रिकामं होतं. चाव्या सांभाळणारा म्हातारा पायरीवर बसून बूट पुसत होता. म्हणाला, मी इथेच आहे, पण हाक मारू नका, मला तसंही आत येता येत नाही. आत्यानं दालनाचं दार लोटून कडी लावली. कडी जुनी, जड होती, दोन हातांनी सरकवावी लागली. आत मेणाचा आणि कापराच्या गोळ्यांचा वास होता. उंच खिडकीतून उजेडाचा एक पट्टा भिंतीवर पडला होता. माउली लाकडी चौथऱ्यावर उभी होती, आणि जवळून ती भावजयीला वाटली होती त्यापेक्षा पुष्कळ उंच निघाली.

"आई, हात लावते हं," आत्या म्हणाली, आणि शिडीवर चढून तिनं जुना शेला उतरवला. मग टाचण्या ओठांत धरून झगा कमरेपाशी वर खोचू लागली. भावजयीला तिनं खाली गुडघ्यांवर बसवलं, आतल्या वस्त्राची कडा उचलून धरायला.

भावजयीनं कडा उचलली. आत पट्ट्यांच्या फटींतून दोऱ्यांचे गुंडाळे दिसले, बटणं दिसली. तिला हसू आलं. मग डोळे अंधाराला सरावले, आणि त्या सगळ्याच्या मधोमध, पिंजऱ्याच्या तळाशी ठेवलेल्या एका बशीत, तिला गोळ्या दिसल्या. पांढऱ्या, मध्ये रेघ असलेल्या. बशी भरून बाहेर सांडल्या होत्या. त्या गोळ्या ती ओळखत होती. औषधाच्या दुकानातून आणायची तीच.

तिनं वर पाहिलं. आत्या शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती, उजवा हात माउलीच्या मनगटापाशी. तो हात हलत नव्हता. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. ओठ सैल पडले होते, आणि त्यांतली एक टाचणी सुटून शिडीवर टिणकन आपटली. मग दुसरी.

भावजय ओरडली नाही. तिनं उठून शिडीच्या दोन पायऱ्या चढून आत्याला कमरेशी मिठी मारली. वर्गात ती मेंदूचं चित्र खडूनं काढून दाखवायची, त्यातून धावणाऱ्या लहरींच्या रेघा काढायची. या क्षणी तिला फक्त एवढंच सुचत होतं, की कडी आत आहे, म्हातारा बाहेर आहे, आणि हे ओझं आता आपल्यावर कलंडलं तर कुणालाही आत येता येणार नाही. आकडी आलेल्याच्या तोंडात बोट घालायचं नसतं हे तिला माहीत होतं. पण ही झटक्यांची आकडी नव्हती, अजून नव्हती. ती आत्याच्या सैल ओठांतून उरलेल्या टाचण्या एकेक काढू लागली. एकीचं टोक आतल्या बाजूला वळलेलं होतं. ती काढताना आत्याच्या ओठावर रक्ताचा ठिपका आला.

"काय झालं?" आत्या म्हणाली. ती परत आली होती. भावजयीच्या हातातल्या टाचण्यांकडे पाहून तिनं विचारलं, "माझ्या टाचण्या तुझ्याकडे कशा?"

तिला खाली उतरवून भावजयीनं चौथऱ्याच्या पायरीवर बसवलं. मग भावजयीनं नुसतं आतल्या वस्त्राकडे बोट केलं.

"तुला रोज सांगत होते," आत्या म्हणाली. "माउलीला दिली म्हणून."

"ताई, मला वाटलं तुम्ही थट्टा करताय."

"मी हिच्या नावानं थट्टा करीन होय?"

मग ती सगळं सांगत गेली, शिवणाचं माप सांगावं तसं. लेकीला तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवशी तिनं माउलीला शब्द दिला होता. बाळ हातीपायी धड होऊ दे, मी माझी सकाळची गोळी तुला दिली. रात्रीची ती घेत होती. दुसरं काही देण्यासारखं तिच्याकडे नव्हतं, म्हणाली. गोड ती खात नाही, दागिना नाही, उपासाचं तिला काही वाटत नाही. जिच्याशिवाय आपलं चालत नाही अशी एकच वस्तू तिच्याकडे होती. "आणि बघ ना, टिकलं की नाही? दोनदा गेलं, मी काही दिलं नव्हतं. या वेळी दिलं, टिकलं."

भावजयीनं तिला सांगितलं, ही औषधं अशी सोडली तर कधीतरी आकडीमागून आकडी येते आणि थांबत नाही. माणूस त्यातून उठत नाही. आत्यानं मान डोलावली. तिला ते भावजयीपेक्षा आधीपासून माहीत होतं.

"शेवटच्या महिन्यात रात्रीचीही द्यायची ठरवलीय," ती म्हणाली. "उद्यापासून. शेला चढवते आणि सुरू करते. बाळ रडल्याचा फोन आला की त्या घटकेपासून दोन्ही घेईन, तुझ्यासमोर घेईन. तोवर मात्र कुणाला बोलायचं नाही. दिलेलं परत घेतलं तर..." तिनं माउलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओठावरचं रक्त पदरानं टिपलं.

भावजय विज्ञान शिकवायची. त्या बशीतल्या गोळ्या उचलून पर्समध्ये टाकणं एवढंच तिला करायचं होतं. ती खाली वाकलीसुद्धा. बशीला तिचं बोट लागलं, आणि डोळ्यांसमोर लेक आली, दोन्ही हात पोटावर धरून चालणारी. एक गोळी फटीतून घरंगळून चौथऱ्यावर आली होती. भावजयीनं ती उचलली आणि परत आत ठेवली. तिच्या तोंडून नकळत निघालं, "आई, हात लावते हं." मग तिनं वस्त्राची कडा सोडून दिली.

बाहेर पायरीवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, झालं का माप? आत्या म्हणाली, झालं. घरापर्यंतच्या वाटेवर भावजय तिचा दंड धरून चालली. दुकानांच्या पायऱ्या, उघडी गटारं, भरधाव सायकली, सगळंच तिच्यावर टपून बसल्यासारखं वाटत होतं. आत्या मधेच म्हणाली, किती आवळतेस, मी काय पळून चाललेय?

घरी आल्यावर आत्या वर गेली आणि भावजयीनं नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं तो भडकेल, जिना चढून जाईल, बहिणीला दोन शब्द सुनावून गोळी खायला लावेल. मग आपल्याला काही ठरवावं लागणार नाही. तो खुर्चीवर बसला. चष्मा काढून पुसू लागला आणि पुसतच राहिला.

"थोडेच दिवस राहिलेत," तो शेवटी म्हणाला. "तोवर तिला सांभाळू. शिडीवर नको चढू देऊ."

"आणि उद्यापासून दोन्ही सोडणार आहे, त्याचं?"

"समजा आपण तिला घ्यायला लावल्या," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आणि तिकडे काही झालं. मग?"

भावजयीला वाटलं होतं, भीती एकट्या तिच्याच मनात आहे. तीच भीती त्याच्या तोंडून ऐकल्यावर ती दुप्पट झाली. जो माणूस तिच्या प्रत्येक वाटण्याची टर उडवायचा, तोही आता हळू आवाजात बोलत होता, कुणी ऐकत असल्यासारखा.

मग त्यालाच एक युक्ती सुचली. गोळी कुटून चहात घालायची. ताईला कळणार नाही, म्हणजे तिनं नवस मोडला असं होणार नाही, आणि औषधही पोटात जाईल. बोलता बोलता त्याला ती फारच पटली. भावजयीलाही क्षणभर पटली. तिनं फडताळातून खलबत्ता काढलासुद्धा. मग तो समोर ठेवून दोघं त्याच्याकडे बघत राहिले. आत्याच्या जिभेला चहातली चिमूटभर साखर कमीजास्त कळायची. पहिल्याच घोटाला तिनं ओळखलं असतं, आणि त्यानंतर या घरात तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नसता. शिवाय ती रात्रीची गोळी नक्की कधी सोडते, कधी घेते, हे कुणाला ठाऊक? कमी पडली तरी भय, जास्त झाली तरी भय. "आणि माउलीला कळणारच," भावजय म्हणाली. नवऱ्यानं उठून खलबत्ता परत आत ठेवला.

फादरांना सांगावं का? फादर नक्कीच म्हणाले असते की असा शब्द देव धरून ठेवत नाही, मी तुम्हाला त्यातून मोकळं करतो. आणि आत्या "होय फादर" म्हणाली असती. तिच्या "होय फादर"चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता. डॉक्टरांना सांगितलं तर "होय डॉक्टर" म्हणाली असती. तिच्यावर दटावणीचा उपयोग आजवर झाला नव्हता. शाळेनं केली, मुलाकडच्यांनी केली, आजारानं केली, आणि ती सगळ्यांना पुरून उरली होती. या जगात ती ऐकायची फक्त एका माणसाचं. तिच्या यंत्राखाली बसून बाहुल्या करणाऱ्या माणसाचं.

तो विचार आला तशी भावजय उठली आणि ओटा पुसू लागली. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. नाही, ते शक्य नव्हतं. लेकीला सांगायचं? ऐकून ती धसकली, पोटात कळ आली, तर? ज्या बाळासाठी आत्या जीव टांगून बसली आहे त्याला आजीच्याच शब्दानं धक्का बसायचा. नवऱ्यानं तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि म्हणाला, "तो विचारसुद्धा करू नकोस."

पण तो विचार मनातून जात नव्हता. लेक रोज फोन करायची आणि रोज विचारायची, आत्या बरी आहे ना, गोळ्या घेते ना? भावजय रोज सांगायची, घेते हो. आज ती काय सांगणार होती? आणि उद्या, शेला चढवताना, दार आतून बंद असताना, तोंडात टाचण्या असताना काही घडलं, तर परवा काय सांगणार होती? बाळ झालं, धडधाकट झालं, आणि त्याच्या बदल्यात आत्या गेली, हे लेकीला कधीतरी कळणारच होतं. घरात गोष्टी लपत नाहीत. मग बाळाच्या प्रत्येक वाढदिवसाला तिनं आधी काय मोजलं असतं? तिच्या मांडीवर मूल देताना तिला न विचारता एवढी मोठी किंमत तिच्या नावावर टाकायची, आणि ती कुणी टाकली? आत्यानं तर टाकलीच, पण आज दुपारी ती घरंगळलेली गोळी परत आत ठेवणाऱ्या हातानंही टाकली.

तिला माउलीचा चेहरा आठवला, जवळून पाहिलेला. तो हसरा नव्हता, रागीटही नव्हता. मूल हरवलेल्या बाईचा चेहरा होता तो. दुपारी भीतीच्या भरात ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या बाईला बशीभर गोळ्या कशाला हव्या असतील? भावजयीची भीती यानं गेली नाही. फक्त ती आता दोन्हीकडून सारखीच ओढत होती, आणि सारखीच ओढत असल्यामुळे तिला मधे उभं राहता येत होतं.

आणि लेक? सगळे तिला काचेचं भांडं समजत होते. पण ती लहान असताना एकदा डॉक्टरांनी आत्याची गोळी बदलली होती, आणि आत्याला यंत्राशेजारीच मोठी आकडी आली होती. तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. भावजय शाळेतून आली, तर तेवढीशी पोर आत्याला कुशीवर वळवून, डोक्याखाली चिंध्यांचं गाठोडं सरकवून शेजारी बसली होती, आणि मोठ्यानं अंक म्हणत होती, म्हणजे आईला सांगता येईल किती वेळ झाला ते. रडली ती नंतर, आत्या उठून बसल्यावर. त्या दिवशी घरात घाबरून भिंतीला टेकली ती भावजयच.

नवरा दिवा लावायला उठला. ती म्हणाली, मी फोन करतेय. त्यानं कुणाला हे विचारलं नाही. फक्त म्हणाला, "खुर्चीवर बसायला सांग आधी तिला. आणि जावईबापू जवळ आहेत का विचार."

"विचारते."

"आणि तू रडू नकोस."

"बघते."

फोन मांडीवर घेऊन ती मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत राहिली. घाबरू नकोस, असं म्हणून सुरुवात करायची नाही. त्या शब्दानंच माणूस घाबरतं. आत्या बरी आहे, हेही नाही, कारण ते आता खरं नव्हतं. तिला सापडलं ते वाक्य साधंच होतं : बाळा, तुझ्या नावानं आत्यानं एक शब्द दिलाय, आणि तो तुला तिच्याकडून परत घ्यायचाय, आजच्या आज, उद्याचा शेला चढायच्या आधी. ते तिनं ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग लेकीचं नाव काढलं आणि अंगठा त्याच्यावर ठेवला.